रेशमाचं उंबर

लग्नाला महिना झाला नाही तोच माझं मंगळसूत्र वाढलं. सासूबाईंनी, म्हणजे आनंदीबाईंनी, फरशीवर सांडलेले मणी एकेक वेचून वाटीत घातले आणि वाटी माझ्या हातात दिली. "दादामियाँकडे जा. गाठवून होईपर्यंत तिथंच बस. आणि येताना वाटेत काही हरवू नकोस, म्हणजे झालं."

त्रेसष्ट सालची गोष्ट. शनिवार पेठेत मी नवी होते. पानशेतच्या पुराला दीड वर्ष होऊन गेलं होतं, तरी घरांच्या भिंतींवर पाण्याची रेघ दिसायची. दादामियाँ पटवेकरांचं दुकान म्हणजे रस्त्यालगतचा एक ओटा, त्यावर गादी, मागे फळीवर रेशमाच्या लडी. पुरात सगळं रेशीम गेलं होतं. हे नवीन भरलेलं. पटवेकर म्हणजे दागिने रेशमात गाठवून देणारा माणूस. सोनार मणी करतो, पण ते गळ्यात राहतात पटवेकराच्या गाठीवर.

दादामियाँ साठीचे होते आणि त्यांच्या दोन्ही डोळ्यांत पडदा आला होता. गाठवत होती त्यांची मुलगी, रशीदा. माझ्याच वयाची, पंचविशीतली, डोक्यावर पदर. उजव्या पायाच्या अंगठ्यात दोऱ्याचा फास अडकवून तो ताणून धरलेला, दुसरं टोक दातांत, आणि बोटं अशी चालत होती की माझे डोळे मागे पडत होते. काम झाल्यावर तिनं मंगळसूत्र वडिलांच्या हातात दिलं. त्यांनी अंगठा प्रत्येक गाठीवरून सावकाश फिरवला. एका जागी तो थांबला. रशीदानं तेवढा भाग सोडला आणि पुन्हा गाठवला.

"मला तर काही चूक दिसली नाही," मी म्हणाले.

"दिसणार नाही, वहिनी," ती म्हणाली. "दोन वर्षांनी कळली असती."

ते मंगळसूत्र माझ्या गळ्यात एकवीस वर्षं राहिलं. आमची ओळख मात्र त्या दिवसापासून वाढतच गेली. दुपारी धुणीभांडी आटोपली की मी ओट्यावर जाऊन बसू लागले. घरात ते लोक दखनी बोलत, ओट्यावर मराठी. रशीदाचा नवरा नासिर खडकीच्या कारखान्यात फिटर होता आणि सासऱ्याच्याच घरी राहत होता. कुणी घरजावई म्हणून चिडवलं तर तो शांतपणे म्हणायचा, "घर सासऱ्याचं, जावईही सासऱ्याचा. तुम्हाला यात काय कमी पडतंय?"

एका संध्याकाळी नासिर सायकलवरून आला तो खिशात एक चपटा डबा घेऊन. खडकीला हिंदुराव जाचक नावाचे मेजर होते, त्यांचा. मेजरसाहेबांना गळ टाकून मासे धरण्याचा भारी नाद. त्यांच्या गळाच्या काठीची, दोरी गुंडाळायची चकरी नासिरनं दुरुस्त करून दिली होती, तेव्हा त्यांनी हा डबा पुढे केला होता. डब्यात बनातीवर सहा गळ टोचलेले होते. प्रत्येक गळाला पिसं, केस आणि रेशीम बांधून किडा केलेला. दोन धड होते, चार उसवलेले.

"साहेब याला फ्लाय म्हणतात," नासिर म्हणाला. "म्हणजे माशीच. ही पाण्यावर टाकायची. मासा खरी समजून तोंड घालतो. गोरा साहेब जाताना त्यांना देऊन गेला होता. आता परदेशातून असला माल येत नाही. त्यांनी विचारलं, कारखान्यात कुणाला जमेल का? मी म्हटलं, कारखान्यात नाही, घरी जमेल."

रशीदानं एक माशी उजेडात धरली. "पीळ चांगला दिलाय. शेवट कच्चा आहे. भिजली की सुटणारच."

दादामियाँनी हात पुढे केला. बोटांनी ती माशी चाचपून म्हणाले, "बेटा, हे आपलंच काम आहे. फक्त सोन्याच्या जागी लोखंड आहे."

सगळ्यात जास्त उसवलेली माशी रशीदानं पुरती सोडली. सुटलेला प्रत्येक तुकडा पांढऱ्या फडक्यावर ओळीनं मांडला, आधी सुटलेला डावीकडे, शेवटी सुटलेला उजवीकडे. मग उजवीकडून सुरुवात करून ती पुन्हा बांधली. गळ हातात धरून बांधता येईना, म्हणून नासिरनं सोनाराच्या जुन्या चिमट्यावर एक कडं बसवलं. कडं पुढे सरकवलं की चिमट्याचं तोंड घट्ट मिटायचं. तो चिमटा ती दोन गुडघ्यांत धरायची. पिसं मंडईमागच्या कोंबडीवाल्याकडून आणली, कोंबड्याच्या मानेची, लांब आणि चमकदार. जर आणि रेशीम घरचंच. चार दिवसांत सहाही माश्या तयार झाल्या.

आठवड्यानं मेजर जाचक स्वतः ओट्यासमोर उभे राहिले. उंच, मिशा पिळलेल्या, पण चेहरा पडलेला.

"बाई, तुमचं काम एक नंबर. एक माशी सुटली नाही. पण मासाही लागला नाही."

"आधी लागायचा का?" रशीदानं विचारलं.

मेजर जरा घुटमळले. "खरं सांगायचं तर, क्वचित."

"हे किडे कुठले?"

"विलायतेच्या नद्यांवरचे."

"मग साहेब, मासा बिचारा काय करील? त्यानं हा किडा जन्मात पाहिलेला नाही."

मेजर मोठ्यानं हसले. रशीदा हसली नव्हती. तिनं त्यांना तीन-चार प्रश्न विचारले. गळ कुठे टाकता, कोणत्या महिन्यात, मासा कुठला? मेजर म्हणाले, पवनेवर, रावेतच्या डोहात, आणि हवा असतो तो महाशीर. मोठ्या खवल्यांचा, ताकदीचा, आणि महाहुशार.

पुढच्याच रविवारी तिनं मला विचारलं, "वहिनी, नदीवर येता?"

मी घरात कोथिंबिरीची जुडी निवडताना सासूबाईंना भीत भीत सांगितलं, की रशीदाबरोबर नदीवर जायचंय, पाण्यातले किडे बघायला. आनंदीबाईंनी मान वर केली नाही. "जा हो. तांदळातले किडे इथं वाट बघत बसलेत, त्यांना सांगते मी, बाई नदीवरच्यांना भेटून येतायत."

पण नको म्हणाल्या नाहीत.

शिवाजीनगरहून लोकलनं चिंचवडला उतरलो आणि तिथून तासाभराची पायपीट. चैत्राचं ऊन. नदी आटून डोहाडोहांत साठली होती. आम्ही दोघींनी पदर खोचले आणि गुडघाभर पाण्यात दगड उलटे करायला लागलो. दगडांच्या खाली करडे, चपटे किडे चिकटलेले असायचे, शेपटीला तीन बारीक केस. रशीदा एकेक किडा तळहातावर घेऊन पाय मोजायची, रंग बघायची आणि परत पाण्यात सोडायची. जन्मभर वरणभात खाल्लेली मी, मासा काय खातो याची चौकशी करत पवनेत उभी होते. मला तेव्हा त्याचं काहीच वाटलं नाही. उलट फार दिवसांनी मोकळं वाटत होतं.

पलीकडच्या काठावर एक बाई म्हशी धूत होती. मुक्ताबाई तिचं नाव, रावेतचीच. बराच वेळ तिनं आम्हाला पाहिलं. शेवटी तिला राहवेना. "काय हारवलंय काय वो?"

"नाही, मावशी. महाशीर काय खातो ते बघतोय," रशीदा म्हणाली.

मुक्ताबाई म्हशीच्या पाठीवर थाप मारून हसली. "मग दगडाखाली काय बघताय? वर बघा की. त्यो उंबर हाय न्हवं, त्याच्याखाली जाऊन गप ऱ्हावा."

डोहावर एक उंबर वाकलेला होता. फळांनी लगडलेला. आम्ही त्याच्या मुळांवर जाऊन बसलो. वाऱ्याची झुळूक आली आणि एक पिकलेलं उंबर टपकन पाण्यात पडलं. क्षणभर ते तरंगलं. मग खालून काहीतरी तांबूस-सोनेरी वर आलं, पाण्यानं मोठी गिरकी घेतली, आणि उंबर नाहीसं झालं. दुसरं पडलं, तेही गेलं.

रशीदानं माझा हात घट्ट धरला होता. "वहिनी," ती हळूच म्हणाली, "हा तर गोंडा आहे."

मला कळायला वेळ लागला. पटवेकराच्या घरी लहानपणापासून जे करतात ते म्हणजे गोंडे. रेशमाचे पेड मधोमध आवळायचे, फुलवायचे आणि कात्रीनं गोल कापायचे. पिकल्या उंबराएवढा गोल गोंडा ती झोपेतही करू शकली असती.

जमायला मात्र पावसाळ्यापर्यंतचा वेळ गेला. पहिली उंबरं बुचासारखी नुसती तरंगत राहिली. दुसऱ्या खेपेची दगडासारखी बुडाली. तिसऱ्या खेपेला आत काचेचा एक बारीक मणी घातला, तेव्हा ती थोडा वेळ वर थांबून मग सावकाश खाली जाऊ लागली, खऱ्या उंबरासारखी. रंगाचा घोळ वेगळाच होता. कोरडं रेशीम तांबूस दिसायचं ते भिजलं की काळपट व्हायचं. मग ती कोरडं फिकं नारिंगी दिसेल असं रेशीम घरीच रंगवू लागली, म्हणजे भिजल्यावर ते बरोबर पिकल्या उंबराचं होई. घरच्या घंगाळात ही परीक्षा चालायची. दादामियाँ शेजारी बसून विचारायचे, "बुडालं का?" आणि आम्ही दोघी मोठ्यानं आकडे मोजायचो.

श्रावणात मेजर जाचक तीन उंबरं घेऊन गेले. त्याच रविवारी दुपारी त्यांची जीप शनिवार पेठेच्या बोळात घुसली. एवढ्याशा बोळात जीप म्हणजे निम्मी पेठ दारात आली. मेजर चिखलानं भरलेले होते. ओट्यापाशी येऊन त्यांनी डोक्यावरची टोपी काढली.

"दादामियाँ, अठरा पौंडाचा लागला. पाऊण तास झुंजला. काठी वाकली, दोरी चिरत आली, पण तुमच्या मुलीची गाठ हलली नाही."

त्यांनी खिशातून ते उंबर काढलं. चावून चोथा झालेलं, पण गळावर जसंच्या तसं बसलेलं. दादामियाँनी त्याच्यावरून अंगठा फिरवला. या वेळी तो कुठेही थांबला नाही.

बातमी लष्करात पसरली. खडकी, घोरपडी, देहूरोड, सगळीकडून मागणी येऊ लागली. रशीदानं दगडाखालच्या त्या करड्या किड्याचीही माशी बांधली, डोंगरातल्या थंड पाण्यात गळ टाकणाऱ्यांसाठी. पण नाव झालं ते उंबराचं. मग कॅम्पातल्या एका खेळाच्या सामानाच्या दुकानाचे मालक, दीनानाथ सबनीस, यांनी सगळा माल आपणच घेऊ असं सांगितलं. तेही बरं झालं. ओट्यावर अधिकाऱ्यांची रांग लागायची ती थांबली. दोन वर्षं असं चाललं.

मग एकदा मी भाच्यासाठी बॅडमिंटनची फुलं घ्यायला त्या दुकानात गेले. काचेच्या कपाटात झकपक छोटे डबे मांडलेले होते. त्यांवर इंग्रजीत लिहिलं होतं, की विलायतेत बनवलेला अस्सल माल. एक डबा उघडा होता. आत रशीदाची उंबरं होती. मी ती शंभर हात लांबून ओळखली असती.

परत येऊन ओट्यावर रशीदाला सांगितलं. ती गोंडा कापत होती. तिनं तो पुरा कापला, कात्री जागेवर ठेवली आणि विचारलं, "उद्या सकाळी मोकळ्या आहात?"

दुसऱ्या दिवशी ती ठेवणीतलं अंजिरी लुगडं नेसली. आम्ही बसनं कॅम्पात गेलो. दुकानात सबनीस होते आणि दोन गिऱ्हाइकं. त्यांतलं एक म्हणजे पांढऱ्या कल्ल्यांचे निवृत्त कर्नल. त्यांच्या हातात नेमका तोच डबा होता.

"या, रशीदाबाई," सबनीस जरा दचकून म्हणाले. "मी माणूस पाठवणारच होतो."

"हे डबे कुणाचे?"

सबनिसांनी आवाज खाली आणला. "अहो, गिऱ्हाईक नाव बघून घेतं. शनिवार पेठ वाचलं तर लोक लोणचं समजून परत जातील."

"मासाही नाव वाचूनच तोंड घालतो का?"

दुसरं गिऱ्हाईक खुदकन हसलं. कर्नलसाहेबांनी मात्र कपाळाला आठ्या घातल्या. "बाई, तुमचा काहीतरी गैरसमज होतोय. हा माल बाहेरचाच आहे. अशी बांधणी इथं होत नाही. मी चाळीस वर्षं गळ टाकतोय."

रशीदानं पदर सारखा केला. "साहेब, आपण विलायतेला गेला आहात?"

"दोनदा."

"तिथं नदीकाठी उंबर पाहिलात कधी?"

कर्नलांनी हातातल्या डब्यातल्या त्या फळाकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं असावं.

"एक मला द्या," रशीदा म्हणाली. सबनिसांच्या टेबलावर तिनं रुमाल पसरला, कमरेची सुई काढली आणि ते उंबर सोडायला लागली. घाई नाही, राग नाही. एकेक थर रुमालावर मांडत ती सांगत गेली. "हे रेशीम मी परवाच्या मंगळवारी रंगवलं, दोन हात दिले. ही जर, मंगळसूत्राच्या गोंड्याला घालतात ती. देठाला हे पीस, मंडईमागच्या कोंबड्याचं. आत हा काचेचा मणी, बोहरी आळीतला. आणि ही शेवटची गाठ." तिथं ती थांबली. "ही माझ्या आजोबांची. ती सोडायची कशी, हे आमच्या घराबाहेर कुणाला माहीत नाही. या दुकानात कुणाला सोडता येत असेल तर पुढे यावं."

कुणी पुढे आलं नाही. तिनं सुईचं टोक कुठंतरी घातलं, दोरा एकदा उलटा ओढला, आणि टेबलावर नुसता गळ उरला.

कर्नल उठून उभे राहिले. "बाई, मी आपली माफी मागतो," ते म्हणाले. मग सबनिसांकडे वळून, "आणि तुम्ही?"

सबनिसांचे कान लाल झाले होते. "तुमच्यावाचून काही माझं दुकान बंद पडणार नाही," ते रशीदाला म्हणाले.

"पडू नयेच," ती म्हणाली. "माझा माल मात्र येणार नाही."

आम्ही बसच्या थांब्यावर आलो. दुकानात तिच्या हातातली सुई जराही हलली नव्हती. मला इतका अभिमान वाटला, की मी भर रस्त्यात तिचे दोन्ही हात हातात घेतले.

चार महिने तिनं एकही माशी दिली नाही. पाचव्या महिन्यात सबनीस स्वतः आमच्या बोळात आले. त्यांनी दुसऱ्या दोघा-तिघांकडून उंबरं करवून पाहिली होती, ती पहिल्याच माशाच्या तोंडात सुटली होती. ओट्याशी उभं राहून ते म्हणाले, "चुकलंच माझं. बाई, तुम्ही सांगाल ते नाव घालतो." खरं बोलायचं तर ते त्यांनी सरळपणे म्हटलं, आणि पुढे पंचवीस वर्षं शब्द पाळला.

"कागद नको," रशीदा म्हणाली. "नदीवर भिजतो."

नासिरकडे पत्र्यावर अक्षरं ठोकायचे पंच होते. एका रविवारी त्यानं पहिल्या झाकणावर एकेक अक्षर ठोकलं आणि डबा सासऱ्याच्या मांडीवर ठेवला. दादामियाँ नगरपालिकेच्या शाळेत चौथीपर्यंत शिकले होते. त्यांचा अंगठा पत्र्यावरून सरकू लागला, एका अक्षरापाशी रेंगाळून पुढच्यावर. बोळातून एक सायकल घंटी वाजवत गेली.

"दादामियाँ पटवेकर," त्यांनी वाचलं. "आणि कन्या रशीदा. शनिवार पेठ, पुणे." मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं. "बेटा, माझं नाव कशाला? मी काय केलं यात?"

"अब्बा, तुम्ही चूक चालू दिली नाहीत," रशीदा म्हणाली.

त्यांनी तो डबा शेवटपर्यंत उशाशी ठेवला.

त्यानंतर नाव लिहिलेले ते डबे कुठे कुठे गेले. कुलू, काश्मीर, कूर्ग, शिलाँग. एकदा आसामच्या चहामळ्यावरून पत्र आलं, की तुमच्या उंबराला बेचाळीस पौंडाचा मासा लागला. माझ्या सासूबाईंनी ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं आणि मग बोळभर सांगत सुटल्या, की आमच्या रशीदानं आसामात मासा धरला. कुणी म्हणालं, तुम्ही तर माशाचं नावही घेत नाही. त्यावर आनंदीबाई म्हणाल्या, "मी माशाचं कुठं घेतेय? रशीदाचं घेतेय."

मेजर जाचक कर्नल होऊन निवृत्त झाले आणि गेले. पवनेचं पाणी पुढे काळं झालं. रावेतच्या डोहात महाशीर राहिला नाही, उंबराच्या जागी पुलाचा खांब आला. पटवेकरी तर त्याआधीच बसली. बायका सोन्याच्या साखळीत मंगळसूत्र करू लागल्या. पण रशीदाचा ओटा चालू राहिला, माश्यांवर. पेठेतल्या सात बायकांना तिनं हे काम शिकवलं, त्यांतल्या चौघी अजून करतात.

दोन हजार सहा साली मी अशीच दुपारी तिच्याकडे बसले होते. आम्ही दोघीही आज्या झालो होतो. नासिर आतल्या खोलीत रेडिओ लावून पडला होता. कोथरूडहून एक मुलगी आली, नीरजा नावाची. कॉम्प्युटरच्या कंपनीत नोकरी, सुट्टीत हिमाचलला जाऊन गळ टाकणारी. गळ्यात कॅमेरा. ओट्याच्या पायरीवर उभी राहूनच म्हणाली, "आजी, मला शिकायचंय. बेसिक शिकायला साधारण किती टाइम लागेल?"

रशीदानं चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "तुला कुठं जायचंय का?"

"नाही... म्हणजे, तसं नाही."

"मग चप्पल काढ. बस. उजवा पाय पुढे घे."

मुलीनं कॅमेरा बाजूला ठेवला, मांडी घालायची सवय नसल्यानं जरा धडपडत बसली आणि पाय पुढे केला. रशीदानं लाल रेशमाचा फास तिच्या अंगठ्यात अडकवला आणि दोरा ताठ होईपर्यंत ओढला.